शेगावचं टक्कल : आळ पाण्यावर, संशय गव्हावर

डिसेंबर 2024 संपता संपता बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातून एक विचित्र तक्रार येऊ लागली. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांची डोकी खाजू लागली, मग भांगात हात घातला की केस मुठीत येऊ लागले आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडू लागलं. काहींना ताप, डोकेदुखी, उलट्या-जुलाबही झाले. 'केसं गयून रायले' यापलीकडे कोणालाच काही सांगता येत नव्हतं. जानेवारीत टीव्हीवाल्यांनी त्याला 'टक्कल व्हायरस' असं नाव ठेवून दिलं आणि गावांची आणखी पंचाईत करून ठेवली. पुढे 18 गावांत मिळून 279 रुग्णांचा आकडा समोर आला. त्यात कॉलेजात जाणाऱ्या पोरी होत्या, परीक्षेला बसायची मुलं होती, लग्न ठरलेली माणसं होती.

पहिला आळ आला तो पाण्यावर. शेगाव ज्या पूर्णा खोऱ्यात आहे तो खारपाणपट्टा. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतल्या या पट्ट्यात विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारट लागतं. वरून काळीभोर माती, खाली मचूळ पाणी. किडनीच्या आजारांची धास्ती इथे जुनीच आहे, त्यामुळे नवं काहीही झालं की माणूस आधी हंड्याकडे बघतो. पाण्याचे नमुने तपासले तेव्हा नायट्रेट आणि क्षार वाढलेले निघालेही. पण ते या भागात नेहमीचंच आहे. याच पाण्यावर आजे-पणजे जगले आणि बरेचसे डोक्यावर केस घेऊनच गेले. दुसरा संशय बुरशीचा होता. बुरशीने टाळूवर चट्टे पडतात, केस तुटतात, हे खरं. पण ती हळूहळू पसरते. इतक्या गावांत, इतक्या माणसांचं डोकं आठवड्याच्या आत साफ करणं हे तिचं काम वाटत नाही.

केस किती दिवसांत गळतात याला फार अर्थ असतो. तो कळायला केस वाढतो कसा, हे आधी बघावं लागेल.

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. आपण विंचरतो, तेल लावतो, कापतो तो सगळा भाग मेलेला असतो. जिवंत असतं ते मूळ, कातडीच्या खाली काही मिलिमीटर खोल एका पिशवीत, म्हणजे रोमकूपात. त्याच्या तळाशी फुगीर कंद असतो आणि कंदाच्या पोटात रक्तवाहिन्यांचा एक लहानसा उंचवटा शिरलेला असतो. त्याच्याभोवतीच्या पेशी शरीरातल्या सगळ्यात वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी आहेत. नव्या पेशी जुन्यांना वर ढकलतात. वर जाता जाता त्यांच्यात केराटिन नावाचं प्रथिन भरतं, त्या वाळतात, मरतात आणि एकमेकींना चिकटून केसाचा धागा होतात. धाग्याच्या बाहेरच्या अंगाला कौलांसारखी एकावर एक चढलेली खवलं असतात, आत चिवट गाभा असतो आणि जाड केसात मधोमध पोकळसर मज्जाही सापडते. केसाचा रंग गाभ्यात असतो, बळही गाभ्यातच. हे बळ येतं गंधकाच्या जोड्यांमधून. केराटिनच्या शेजारशेजारच्या साखळ्या गंधकाच्या अणूंनी एकमेकींना बांधलेल्या असतात. केस जळल्यावर जो उग्र वास येतो त्यात या गंधकाचा वाटा मोठा असतो.

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, पण कायम वाढत राहत नाही. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात फ्रान्सिस ड्राय यांनी 1926 मध्ये उंदराच्या केसांचा अभ्यास करून या चक्राच्या टप्प्यांना अ‍ॅनाजेन, कॅटाजेन आणि टेलोजेन ही नावं दिली. वाढीचा काळ माणसाच्या डोक्यावर दोन ते सहा वर्षांचा. मग दोन-तीन आठवडे मूळ आखडतं. त्यानंतर सुमारे तीन महिने केस नुसता बसून राहतो आणि शेवटी गळतो. त्याच जागी नवा उगवतो. उंदरात हे चक्र लाटेसारखं अंगभर फिरतं. माणसात प्रत्येक केसाचा हिशेब वेगळा असतो, म्हणून आपण जनावरांसारखे ठरावीक ऋतूत अंगावरचे केस झाडत नाही. रोज पन्नास ते शंभर केस गेले तरी डोकं भरलेलंच दिसतं. कोणत्याही दिवशी दहातले साडेआठ-नऊ केस वाढीच्या टप्प्यात असतात.

टायफॉइड, चिकुनगुन्या किंवा बाळंतपण यांचा शरीराला धक्का बसतो तेव्हा बरेचसे केस एकदम विश्रांतीच्या टप्प्यात जातात. ते गळतात दोन-तीन महिन्यांनी, माणूस आजार विसरून गेल्यावर. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी 1961 मध्ये या गळतीचं नीट वर्णन केलं. यात केस विरळ होतात, पण डोकं सहसा गुळगुळीत होत नाही. दुसऱ्या प्रकारात मार थेट वाढत्या मुळावर बसतो. पेशींचं विभाजन अडतं, धागा मुळाजवळच कमकुवत होतो आणि दहातले नऊ केस थोड्याच दिवसांत जातात. कर्करोगाच्या औषधांनी टक्कल पडतं ते असं. शेगावचं टक्कल या दुसऱ्या चालीचं दिसतं. अशी चाल असली की कोणतं तरी विष रक्तातून थेट मुळापर्यंत पोचलंय का, हे आधी शोधावं लागतं.

असं विष झाडपाल्यातूनही येऊ शकतं, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला नवं नाही. बांधावरची सुबाभूळ शेळ्या आवडीने खातात, पण घोड्याला तीच चारली की शेपटी आणि आयाळ विरळ होते. तिच्यातलं मिमोसिन नावाचं द्रव्य केसाच्या मुळातलं पेशींचं विभाजन थांबवतं. मेंढ्यांची लोकर कात्रीशिवाय उतरवता येईल का, यासाठी ऑस्ट्रेलियात त्याचे प्रयोगही झाले होते. पण शेगावात माणसं सुबाभूळ खात नव्हती.

फेब्रुवारी 2025 मध्ये डॉ. हिम्मतराव बावस्करांनी आपले निष्कर्ष जाहीर केले. महाडचे हे डॉक्टर विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर ओळखले जातात. त्यांनी बाधित गावांतला रेशनचा गहू तपासून घेतला. त्यात सेलेनियम नावाचं मूलद्रव्य किलोमागे 14.52 मिलिग्रॅम निघालं, म्हणजे स्थानिक गव्हाच्या सुमारे 600 पट. रुग्णांच्या रक्तात ते 35 पट, लघवीत 60 पट आणि केसांत 150 पट वाढलेलं होतं, आणि जस्त मात्र कमी पडलेलं होतं. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला, असं त्यांचं म्हणणं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथकंही जानेवारीतच गावांत येऊन नमुने घेऊन गेली होती; त्या तपासणीतही रक्तात सेलेनियम जास्त आढळल्याच्या बातम्या आल्या.

गव्हाबद्दलची ही मांडणी बावस्करांची आहे हे लक्षात ठेवूनही, मला ती पाण्याच्या आणि बुरशीच्या कथेपेक्षा कितीतरी पटण्यासारखी वाटते. तिच्यामागे दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास उभा आहे.

स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी 1817 मध्ये शोधलेलं सेलेनियम हे मूलद्रव्य गंधकाचं सख्खं भावंड आहे. दोघांची रासायनिक चाल इतकी सारखी की झाडाची मुळंही फसतात. गंधक समजून ती सेलेनियम आत घेतात आणि गव्हाच्या दाण्यातल्या प्रथिनात गंधकाच्या जागी बसवतात. प्रथिनातच बसल्यामुळे गहू कितीही धुतला, निवडला तरी ते फारसं निघत नाही. चक्कीवरून कणकेत, कणकेतून पोळीत येतं. शरीराला ते लागतं, पण चिमूटभरही नाही: दिवसाला साधारण पन्नासेक मायक्रोग्रॅम. अमेरिकेत मोठ्या माणसासाठी 400 मायक्रोग्रॅम ही वरची मर्यादा धरतात. आता 14.52 चा आकडा घेऊन साधा हिशेब करा. दिवसाला 300 ग्रॅम गहू पोटात गेला तर 4 मिलिग्रॅमहून (4000 मायक्रोग्रॅमहून) जास्त, म्हणजे मर्यादेच्या दहापट सेलेनियम गेलं. गंधकावर उभं असलेलं केराटिन त्याच्या तावडीत सापडणार, यात नवल नाही.

अमेरिकेत मिसुरी नदीकाठी, आजच्या साउथ डकोटात, फोर्ट रँडल नावाचा लष्करी तळ होता. तिथले सर्जन मॅडिसन यांनी 1850 च्या दशकात घोडदळाच्या घोड्यांचा आजार लिहून ठेवला आहे. घोड्यांची आयाळ झडली, शेपटीचे केस गेले, खुरं निखळू लागली. पुढे त्या भागात वसलेल्या शेतकऱ्यांच्या गुरांनाही हेच होऊ लागलं. तिथलं पाणीही खारं. लोकांनी सरळ पाण्याला दोषी धरलं आणि आजाराचं नाव पडलं 'अल्कली डिसीज', क्षाराचा रोग. हा समज 1930 च्या दशकापर्यंत टिकला. साउथ डकोटातले संशोधक कर्ट फ्रँके यांनी त्या शेतातलं धान्य निरोगी जनावरांना खाऊ घालून पाहिलं, तेव्हा कळलं की पाणी निर्दोष आहे आणि विष दाण्यात आहे. ते विष सेलेनियम निघालं. खाऱ्या पाण्याचा प्रदेश, केसगळती आणि पाण्यावर आळ: डकोटा आणि पूर्णा खोरं यांच्यात हे साम्य बघून मी थबकलो.

माणसांतला मोठा दाखला चीनचा. हुपेई प्रांतातल्या एन्शी भागात 1961 ते 1964 या काळात लोकांचे केस आणि नखं गळाली. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या पाच गावांत 248 माणसं होती आणि त्यांतली जवळपास निम्मी आजारी पडली. डोंगरातल्या सेलेनियमयुक्त कोळशातून ते मातीत आणि मातीतून पिकात उतरलं होतं. दुष्काळात भात गेला, लोक मका आणि भाजीपाल्यावर आले, म्हणून त्याच वर्षांत कहर झाला. त्या लोकांच्या पोटात दिवसाला सरासरी 5 मिलिग्रॅमच्या आसपास सेलेनियम जात होतं. वरचा आपला हिशेब त्याच्या जवळपास येतो. अमेरिकेत 2008 मध्ये एका पूरक औषधात चुकून ठरल्याच्या 200 पट सेलेनियम पडलं, तेव्हा 201 जणांना बाधा झाली आणि केसगळती हे त्यातलं एक ठळक लक्षण होतं.

पंजाबचं काय? नवांशहर आणि होशियारपूर जिल्ह्यांतल्या काही गावांच्या मातीत सेलेनियम जास्त आहे, हे लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं आधी दाखवलं आहे. शिवालिकच्या टेकड्यांवरून वाहून आलेल्या गाळात ते आहे. तिथल्या गुरांची खुरं वाढतात, केस झडतात, शिंगं वेडीवाकडी होतात. पट्टा लहान आहे. पंजाबचा सगळा गहू विषारी, असं म्हणणं म्हणून चुकीचं आणि तिथल्या शेतकऱ्यावर अन्याय करणारं होईल. पण सरकारी खरेदीत धान्य पोत्यात भरलं की कोणत्या शेताचं कोणतं, हे कोणी लिहून ठेवत नाही. घरी पिकवून खाणाऱ्याला मातीचा दोष निदान ओळखीच्या गावचा तरी असतो. रेशन दुकानात उभ्या असलेल्या माणसाला पोत्यावर गाव दिसत नाही.

आणि वऱ्हाडच्या ताटात इतका गहू आला कधी? इथलं मूळ अन्न ज्वारीची भाकर. पोळी सणावारी, पाहुण्यारावळ्यांना. भारतीय अन्न महामंडळ 1965 मध्ये उभं राहिलं, हरितक्रांतीने पंजाब-हरियाणाची कोठारं भरली आणि तिथला गहू रेल्वेने देशभर फिरू लागला. इकडे ज्वारीच्या वावरात आधी कपाशी वाढली, नंतर सोयाबीन आलं. कणसं पाखरं खातात, सोंगायला मजूर मिळत नाही, भाव मिळत नाही, म्हणून ज्वारी मागे पडली. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य हक्काचं झालं आणि 2023 पासून ते फुकट मिळू लागलं. फुकट गहू दारात आल्यावर ज्वारी कोण विकत घेणार? त्यात खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्यावर रब्बीचा गहू काढणं अवघड, कारण ते पाणी दिलं की जमीनच बिघडते. म्हणून गहू बाहेरूनच येतो. गावकऱ्यांनी पाण्यावर घेतलेला आळ त्यामुळे पुरता खोटाही म्हणता येत नाही. खाऱ्या पाण्याने त्यांना बाहेरच्या दाण्यावर अवलंबून ठेवलं, असं मी म्हणेन.

बऱ्याच जणांना काही आठवड्यांत केस परत येऊ लागले. वाढत्या मुळाला मार बसला तरी रोमकूपाच्या वरच्या भागातल्या, नव्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशी (स्टेम सेल) शाबूत राहिल्या तर नवा केस उगवतोच. घाबरून डोकी भादरून घेतली त्यांनी केस दाट होतील ही आशा मात्र धरू नये. कापल्याने, वस्तऱ्याने केस जाड होत नाहीत, हे अमेरिकेतल्या शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 मध्येच मोजून दाखवलंय. जावळ काढल्यावर पोराचे केस भरतात, ते वय वाढतं म्हणून.

एप्रिल 2025 मध्ये याच गावांतून नवी तक्रार आली. आता नखं वेडीवाकडी होत होती, काहींची गळून पडत होती. टीव्हीवर पुन्हा गूढ रोगाची चर्चा सुरू झाली. नखही केराटिनचंच असतं, फक्त केसापेक्षा सावकाश वाढतं. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर सरकतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत यायला पाच-सहा महिने लागतात. डिसेंबरात मुळाशी झालेली इजा एप्रिलपर्यंत नखाच्या दिसणाऱ्या भागात पोचली होती.