समुद्रातला रिठा

रात्री भिजत घातलेले रिठे सकाळी कुस्करले की पातेलं फेसानं भरतं. हा फेस आणणाऱ्या रसायनांना सॅपोनिन म्हणतात. ती मुख्यतः वनस्पतींकडे असतात. प्राण्यांत ती भरपूर तयार करणारे फार थोडे, आणि त्यांतला एक म्हणजे तारामासा. त्याचा अर्क पाण्यात घालून हलवला तर तोही रिठ्यासारखाच फेसाळतो.

तारामासा नावालाच मासा. ना कल्ले, ना शेपूट. शेकडो नळीपायांवर हळूहळू सरकत जाणारा हा प्राणी कुणापासून पळणार? अंगातलं सॅपोनिन त्याला राखतं. त्याच्या रेणूचा स्वभाव दुहेरी आहे. एकीकडे स्टेरॉइडचा सांगाडा, त्याला स्निग्ध पदार्थांची ओढ. दुसरीकडे साखरेच्या साधारण पाच-सहा घटकांची साखळी आणि एक सल्फेट. हे पाण्यात रमणारे. आपल्या पेशींचं आवरण स्निग्ध असतं आणि त्यात कोलेस्टेरॉल असतं. सॅपोनिन नेमकं त्या कोलेस्टेरॉलला जाऊन चिकटतं आणि आवरणाला भोकं पडतात. परीक्षानळीतल्या पातळ केलेल्या रक्तात ते टाकलं, तर गढूळ लाल द्रव बघताबघता कोकम सरबतासारखा नितळ होतो. तांबड्या पेशी फुटून गेलेल्या असतात.

मग तारामाशाच्या स्वतःच्या पेशी कशा टिकतात? मला या सगळ्या गोष्टीतला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. त्याच्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉलऐवजी मुख्यतः त्याची चुलत भावंडं असतात. फरक केवढासा? एक दुहेरी बंध पाचव्या कार्बनपाशी नसून सातव्यापाशी असतो. एवढ्यानं सॅपोनिनची पकड सुटते.

हे रसायन शत्रूला दूर ठेवतं, पण कधी कधी मालकाचा घासही हिरावतं. स्कॅलप नावाचा पंख्यासारखा शिंपला समुद्रतळाशी निवांत पडलेला असतो. तारामाशाच्या नळीपायाचा स्पर्श झाला की तो दोन्ही शिंपा फटाफट मिटतो आणि आतल्या पाण्याच्या झोताबरोबर उसळ्या मारत निघून जातो. तारामासा समोर नसताना नुसता त्याचा अर्क लावला तरी तो तसाच पळतो. भक्ष्यानं शिकाऱ्याचा साबण ओळखलेला असतो.

या रसायनांची नावं औषधसंशोधनातही येतात. काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी ती मारतात, हे खरं. पण तशी बातमी वाचताना परीक्षानळीतलं ते रक्त आठवावं. पेशीच्या आवरणाला भोकं पाडणारी वस्तू बशीतल्या बहुतेक पेशी मारणारच. शिरेतून दिली तर निरोगी तांबड्या पेशींचं काय, हा प्रश्न लगेच उभा राहतो. म्हणून खरं कष्टाचं काम पुढेच आहे: साखरेची साखळी थोडी बदलून किंवा सल्फेट काढून, मारा हवा तिथेच होईल असा रेणू घडवायचा. तोवर ‘तारामाशात सापडलं कॅन्सरवर औषध’ असं म्हणणं रुग्णांना खोटी आशा लावणं आहे, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

याच रसायनांच्या घराण्यातलं एक रूप भलतंच काम करतं. जपानच्या किनाऱ्यावरच्या एका जातीच्या तारामाशाची मादी आपली अंडी थेट समुद्रात सोडते. प्रत्येक अंड्याभोवती जेलीसारखा थर असतो. त्यात साखरेनं लगडलेलं एक मोठं प्रथिन असतं, आणि सोबत स्टेरॉइड सॅपोनिन. शुक्राणू पोहत त्या थरात शिरला की दोघं मिळून त्याला इशारा देतात. त्याच्या टोकावरची इवलीशी पिशवी फुटते, आतून सुईसारखा धागा बाहेर येतो आणि अंड्याच्या आवरणाला भिडतो. इथं सॅपोनिन शुक्राणूच्या आवरणाला भोक पाडत नाही. आत यायची वाट मोकळी करून देतं.