आरसीवरचे १२९८ सीसी: मुंबईत घरी बांधलेल्या इंजिनांची पार्श्वभूमी

मुंबईत कुणी रस्त्यावरच्या गाडीसाठी घरी जादा ताकदीचे इंजिन बांधले असे कळले, तर ते बहुधा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) चढवलेले मूळचेच इंजिन निघते. ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य सांगाडा) तोच, त्यावर पंच केलेला नंबर तोच, सीसी, म्हणजे सिलिंडरांची एकूण क्षमता, तीही कागदावर तेवढीच. याचे कारण तंत्रात कमी आणि आरटीओच्या फायलीत जास्त सापडते.

फियाटच्या काळात फारसे अडकायला नको. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे होते. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिमी, ताकद जेमतेम ४० हॉर्सपॉवर. हेडला, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाला, फेस मारून (खालची बाजू घासून) कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, वाढवायचे, पोर्ट घासायचे, मोठा कार्ब्युरेटर चढवायचा, एवढ्यावर हौस भागत असे. त्याहून मोठी उलथापालथ टॅक्सीवाल्यांनी केली, तीही ताकदीसाठी नव्हे, इंधनाचा खर्च वाचवायला. पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवले जाई आणि आरसी बुकात, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रात, त्याची रीतसर नोंद होई. ही नोंद लक्षात ठेवावी, पुढचे सगळे तिच्यावरच फिरते.

खरा खेळ १९९३-९४ नंतरचा. झेन ९९३ सीसीची, एस्टीम १२९८ची, आणि १९९९ला आलेली बलेनो १५९० सीसीची. तिन्ही इंजिने एकाच घराण्यातली. झेनमध्ये एस्टीमचे इंजिन हा त्या दशकातला ठरलेला प्रयोग. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, त्यामुळे चेनपुली आणि दोन माणसे असली की सोसायटीच्या पार्किंगमध्येही इंजिन उतरत असे. भंगारात निघालेल्या गाडीचे इंजिन कुर्ल्यात मिळायचे, किरकोळ सामान ऑपेरा हाउसला, मोजमापाची हत्यारे नागदेवी स्ट्रीटवर. बलेनोचे इंजिन मात्र अवघड जात असे. स्ट्रोक ९० मिमीचा म्हणून ब्लॉक उंच. बॉनेटखाली जागा करावी लागे आणि ड्राइव्हशाफ्टचा (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन सांभाळावा लागे. कोन चुकला की आतल्या बाजूचा जॉइंट थोड्याच दिवसांत कटकट वाजू लागतो.

आता वादाचा भाग. मोटार वाहन कायदा १९८८चा. त्यातले कलम ५२ मुळात असे होते की, आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार करायचा तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवा आणि मंजुरी घ्या. म्हणजे दार बंद नव्हते, दारावर माणूस बसवला होता. २०००च्या दुरुस्तीने हे कलमच बदलले. आरसीवरचा तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने करूच नये, असे नवे शब्द आले. तुलनेचा आधारच हलला. आधी प्रश्न होता कागद आणि गाडी जुळतात का; आता प्रश्न झाला गाडी कारखान्यातून निघाली तशीच आहे का.

आणि त्याच कलमाच्या परंतुकात, म्हणजे जोडलेल्या अपवादात, एक मोठी सवलत आहे. सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा दुसऱ्या इंधनावर किंवा ऊर्जेवर चालण्यासाठी किट बसवायचे असेल, तर इंजिनात किंवा त्याच्या कुठल्याही भागात नियमांच्या अटींवर बदल करता येतो. त्या सुमारास मुंबईतल्या जुन्या टॅक्सींना न्यायालयाच्या आदेशाने सीएनजीकडे वळावे लागत होते, त्यामुळे ही सवलत अवेळी आली असे कुणी म्हणणार नाही. पण बूटमध्ये दोनशे बार दाबाची टाकी बसवायला वाट आहे आणि त्याच कंपनीचे तीनशे सीसी मोठे इंजिन बसवायला नाही, ही सुरक्षिततेची रचना म्हणून पटत नाही. मोठ्या इंजिनाला ब्रेक, क्लच, सस्पेन्शन तपासून मंजुरी देता आली असती. ती पद्धत उभी करण्यापेक्षा मनाई सोपी होती.

जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हाच अर्थ पक्का केला: उत्पादकाच्या तपशिलाविरुद्ध फेरफार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ नव्याने लिहिले गेले, प्रत्येक फेरफाराला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

तरीही गुंता सुटलेला नाही, आणि तो १२९८ या आकड्यातच आहे. एस्टीमचा बोअर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५. बोअर झिजला की कंपनीच्याच मॅन्युअलप्रमाणे ०.५० ओव्हरसाइझ पिस्टन टाकतात. बोअर ७४.५ झाला की सीसी होते १३१६. आरसीवर १२९८च राहते आणि याला कुणी फेरफार म्हणत नाही, दुरुस्ती म्हणतात. उलट टर्बो लावला तर सीसी एकानेही वाढत नाही, ताकद मात्र दीडपट होते. कायद्याच्या व्याख्येत फेरफार म्हणजे रचनेतला असा बदल, ज्याने गाडीचे मूळ वैशिष्ट्य बदलते. टर्बो त्यात येतो असे सरळ वाचन सांगते. आरसीच्या रकान्यांत तो दिसत नाही, हेही खरे. विमा कंपनी मात्र रकाने बघत नाही. न कळवलेला बदल तिच्या सर्व्हेअरला (नुकसान तपासणाऱ्याला) दिसला की दावा अडकतो.

इंजिन बदलण्याची वाट बंद झाल्यावर हात वळले ते ब्लॉक तोच ठेवून हवा जास्त भरण्याकडे. एस्टीमच्या इंजिनातून ६५०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) १५० हॉर्सपॉवर हवे तर सुमारे १६४ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, लागतो, म्हणजे मूळच्या दीडपट. इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) नीट असेल तर ०.५ ते ०.६ बार बूस्टमध्ये, म्हणजे टर्बोच्या जादा दाबात, हे बसते. पहिल्या पिढीने कुर्ल्यातून छोट्या डिझेल गाड्यांचे टर्बो उचलले, कारण स्वस्त. डिझेलचा एक्झॉस्ट साधारण ८५० अंशांच्या आत राहतो, पेट्रोलचा ९५०पर्यंत जातो. टर्बोच्या हाउसिंगला (कवचाला) तडे जात, आणि पाच हजार आरपीएमच्या पुढे टर्बोचा श्वास कोंडून मागचा दाब वाढे.

दुसरी चूक हेड गॅस्केटची, म्हणजे ब्लॉक आणि हेडमधल्या पत्र्याची. बूस्टवर नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून बसणारे ठोके) टाळायला कॉम्प्रेशन कमी करतात. ते ९वरून ८.५वर आणायला दर सिलिंडरला २.७ सीसी जागा वाढवावी लागते. ०.६ मिमी जाडीचे एक गॅस्केट जादा टाकले की गणित जुळते, म्हणून दोन गॅस्केट एकावर एक घालायची पद्धत पडली. पण त्याने पिस्टन आणि हेडमधली चिंचोळी फट रुंदावते, मिश्रण घुसळले जात नाही, आणि ज्या नॉकिंगला टाळायचे तेच वाढते. डोक्यात वाटी असलेले पिस्टन हाच बरोबर मार्ग.

घरी होते ती जुळणी. बोअर, होनिंग (बोअरला आतून बारीक घासणे) आणि क्रँकचे ग्राइंडिंग लेथवाल्याकडेच. परत आलेला ब्लॉक मोजून घ्यावा: वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा. फोर्ज्ड (घडीव) पिस्टनला बोअरमध्ये ०.०६ ते ०.०८ मिमी क्लिअरन्स, म्हणजे मोकळी जागा, लागतो, कास्ट (ओतीव) पिस्टनच्या साधारण दुप्पट. लेथवाला सवयीने कास्टचाच ठेवतो आणि गरम झाल्यावर पिस्टन धरतो. पिस्टनच्या वरच्या रिंगची गॅप (दोन टोकांमधली फट) टर्बोसाठी ०.४० ते ०.४५ मिमी. रिंग पिस्टनच्या डोक्याने बोअरमध्ये सरळ ढकलायची, फीलर गेज घालायचा, कमी पडली तर एकाच टोकाला घासायचे आणि बारीक कड मोडायची. गॅप कमी राहिली तर तापल्यावर टोके एकमेकांना भिडतात आणि पहिल्या-दुसऱ्या रिंगमधला पिस्टनचा कठडा तुटतो. होनिंगनंतर बोअर गरम साबणपाण्याने, पांढरे फडके काळे येणे थांबेपर्यंत धुवायचा आणि लगेच ऑइलचा हात फिरवायचा. मुंबईच्या जुलैत तसाच ठेवला तर ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधल्या बिडाच्या लायनरवर सकाळी तांबूस गंज दिसतो.

गेल्या काही वर्षांत पेट्रोलने चित्र पुन्हा हलवले. डिसेंबर २०२०मध्ये मुंबईत १०० ऑक्टेनचे पेट्रोल आले; २०२३पासून २० टक्के इथेनॉलचे मिश्रण पंपांवर पसरले. इथेनॉलमुळे ऑक्टेन (नॉकिंग रोखण्याची क्षमता) वाढते, बूस्टला ते चांगलेच. पण हवा-इंधन गुणोत्तर शुद्ध पेट्रोलच्या १४.७वरून १३.५च्या आसपास येते. शुद्ध पेट्रोलवर १५० हॉर्सपॉवरला दर सिलिंडरी मिनिटाला २८० सीसीचा इंजेक्टर पुरत होता, आता ३०० धरावा. जुन्या मॅपवर (इंधन किती सोडायचे याच्या जुन्या कोष्टकावर) तशीच चालवलेली गाडी फुल थ्रॉटलला लीन जाते, म्हणजे तिला इंधन कमी पडते. एस्टीमच्या वयाच्या गाड्यांत टाकीपासून इंजेक्टरच्या रेलपर्यंतचे रबरी होजही फुगून मऊ पडतात. ते बदलल्याशिवाय नवा इंधनपंप बसवू नये.