आखूड टॉस आणि पन्नाशीतले काका

25 ऑगस्ट 2019. स्वित्झर्लंडमधल्या बाझलला जागतिक बॅडमिंटन स्पर्धेचा शेवटचा दिवस. आपल्याला तो आठवतो सिंधूच्या सुवर्णपदकामुळे. पण त्याच दिवशी पुरुष दुहेरीत इंडोनेशियाच्या हेंद्रा सेतियावान आणि मोहम्मद अहसान यांनी चोविशीतल्या जपानी जोडीला 25-23, 9-21, 21-15 असं हरवलं. हेंद्राचा तो पस्तिसावा वाढदिवस होता. व्हेटरन गटांची जागतिक स्पर्धा (2017 साली ती कोचीला झाली होती) सुरूच होते पस्तिशीपासून. म्हणजे ज्या वयाला ‘व्हेटरन’चा शिक्का बसतो, त्या वयात हा गडी खुल्या गटात जगज्जेता झाला. अडीच वर्षांनी, मार्च 2022 मध्ये, हीच जोडी ऑल इंग्लंड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आपल्याच देशाच्या दोन तरुण पोरांकडून हरली: 19-21, 13-21.

पहिला गेम दोन पॉइंटांनी गेला, दुसरा आठ. हा उतार ठाण्यातल्या हॉलमध्ये रविवारी सकाळी कुणालाही दिसेल, मग तो हॉल दादोजी कोंडदेव स्टेडियमजवळचा असो की घोडबंदर रोडवरचा नवा. खाडीपलीकडे वाशी-नेरूळलाही वेगळं काही नाही. पन्नाशीचे दोन काका सतरा-अठरा वर्षांच्या पोरांकडून पहिला गेम हिसकावून घेतात, दुसऱ्यात लोंबकळत राहतात, तिसऱ्यात 11 च्या आत आटोपतात. मग बाकावर बसून एकच वाक्य: ‘रिफ्लेक्स गेले आता.’

हे निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं. विशीत साध्या प्रतिक्रियेला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. पन्नाशीपर्यंत त्यात वाढ होते ती काही शतांश सेकंदांची. आता शटलकडे पाहू. सोळा पिसं, वजन 4.74 ते 5.50 ग्रॅम, आणि हवेचा विरोध इतका की उंचावरून सोडलं तर ते ताशी 24 किलोमीटरच्या आसपास जाऊन थांबतं, त्याहून जोरात पडतच नाही. याचाच दुसरा अर्थ असा, की जोरात मारलेल्या शटलचा वेग दर सव्वातीन मीटरला जवळपास निम्मा होतो. सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या ताशी 565 किलोमीटरच्या विक्रमी स्मॅशचा आकडा रॅकेट सोडतानाचा आहे. समोरच्यापर्यंत पोचेस्तोवर त्यातलं फार थोडं उरतं.

धरून चालू की सतरा वर्षांच्या पोरानं ताशी 200 ने स्मॅश मारला आणि काका त्याच्यापासून सात मीटरवर उभे आहेत. गणित केलं तर शटल काकांकडे सुमारे 0.30 सेकंदात पोचतं आणि तेव्हा त्याचा वेग जेमतेम 44 उरलेला असतो. हेच अंतर साडेसात मीटर केलं तर वेळ होतो 0.34 सेकंद. अर्ध्या मीटरमागे चार शतांश सेकंद! वयानं जेवढं घेतलं, जवळपास तेवढंच परत. शेवटचा अर्धा मीटर शटल रखडत येतं म्हणून तो एवढा वेळ देतो; पहिल्या अर्ध्या मीटरला शतांश सेकंदही लागत नाही.

हा अर्धा मीटर मिळवायचे दोन मार्ग. एक, आपण मागे सरकायचं. पोरं हुशार असतात, दोनदा हे पाहिलं की तिसऱ्यांदा ड्रॉप (नेटजवळ हळूच पडणारा फटका) टाकतात आणि काकांना पुढे झेप घ्यावी लागते. त्या झेपेची किंमत पुढे सांगतो. दुसरा मार्ग, आपला टॉस (पलीकडच्या मागच्या रेषेकडे उंच उडवलेला फटका) अर्धा मीटर खोल टाकायचा, म्हणजे पोरालाच मागे जाऊन मारावं लागेल. पन्नाशीतली जोडी हरते ती बहुतेक वेळा आखूड टॉसमुळे, आणि दोष दिला जातो डोळ्यांना नि रिफ्लेक्सना. टॉस आखूड पडतो कारण पाय उशिरा पोचतात, शटल अंगाच्या मागे गेल्यावर घेतलं जातं आणि खांद्याऐवजी नुसत्या मनगटावर काम भागवलं जातं. पहिल्या गेममध्ये हे झाकून जातं. दमलेल्या पायांनी तिसऱ्या गेममध्ये झाकत नाही.

शटलचाही थोडा हात असतो. पिसांच्या शटलवर 76, 77, 78 असे वेगाचे नंबर असतात. ठाण्यातल्या उकाड्यात हवा विरळ असते, शटल लांब जातं, म्हणून इथे हळू नंबर घेतात, बहुधा 76. तेच शटल जानेवारीच्या पहाटेही वापरलं की सगळेच टॉस आखूड. तपासायची रीत नियमातच आहे: मागच्या रेषेवरून खालून पूर्ण ताकदीनं मारलेलं शटल पलीकडच्या मागच्या रेषेच्या आत 53 ते 99 सेंटिमीटरवर पडायला हवं. ही चाचणी तरुण पोराकडून करून घ्यावी, काकांनी करू नये.

वय काय नेत नाही, तेही पाहायला हवं. 1987 मध्ये ॲबरनेथी आणि रसेल यांनी खेळाडूंना बॅडमिंटनच्या फटक्यांच्या फिती दाखवल्या, पण शटलला रॅकेट लागण्याआधीच चित्र तोडलं. नवखे फक्त रॅकेटवरून अंदाज बांधत होते. मुरलेले खेळाडू त्याआधी हातावरूनच शटल कुठे जाणार ते ओळखत होते. कोपर कुठे आहे, खांदा किती वळलाय, यातून हे वाचन होतं, आणि त्यासाठी पिंढरीत स्फोटक ताकद लागत नाही. म्हणून पहिल्या गेममध्ये काका जागेवरून हलत नाहीत तरी शटल त्यांच्याकडेच जातं असं वाटतं. (चाळिशीचा चष्मा मात्र रोजचाच घालून खेळू नये. प्रोग्रेसिव्ह काचेच्या खालच्या भागातून नेटजवळचं शटल धूसर दिसतं.)

आता झेप. वयानुसार स्नायूंतले वेगवान तंतू आधी बारीक होतात, त्यामुळे ताकदीपेक्षा झटका लवकर जातो. कंडराही, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, कडक, कमी लवचीक होत जाते. आपण जिला ‘टाचेची शीर’ म्हणतो ती शीर नव्हे, पिंढरीला टाचेच्या हाडाशी जोडणारी अकिलीस कंडरा. तिचा टाचेपासून 2 ते 6 सेंटिमीटर वरचा पट्टा रक्तपुरवठ्याच्या बाबतीत कंगाल, आणि तुटते ती बहुधा तिथेच, बहुधा तिशी ते पन्नाशीतल्या पुरुषांची. मागे जाता जाता पाय रोवून एकदम पुढे निघताना ‘फट्’ आवाज येतो आणि वाटतं, मागून कुणीतरी लाथ मारली. वळून पाहावं तर मागे कुणी नाही. मग चवड्यावर उभं राहता येत नाही. अशा वेळी चोळायचं नाही, चालून पाहायचं नाही, त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं.

सकाळी पलंगावरून उतरताना पहिली चार पावलं टाच ओढते, हा आधीचा इशारा. अशा दुखणाऱ्या कंडरेसाठी स्वीडनचे डॉक्टर हाकान आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये मांडलेला व्यायाम आजही दिला जातो. जिन्याच्या पायरीच्या कडेला चवड्यांवर उभं राहायचं, वर जाताना चांगल्या पायाचा आधार घ्यायचा आणि खाली येताना दुखऱ्या पायावर सावकाश टाच पायरीखाली उतरवायची. गुडघा सरळ ठेवून 15 वेळा, तीन फेऱ्या. गुडघा वाकवून पुन्हा तेवढ्याच. दिवसातून दोनदा, 12 आठवडे. दुखणं अगदी टाचेच्या हाडालाच असेल तर टाच पायरीखाली नेऊ नये, त्यानं वाढतं. लोक तिसऱ्या आठवड्यात बरं वाटलं की सोडतात. कंडरा मात्र स्नायूपेक्षा फार सावकाश सुधारते.

राहिला दम. कमाल हृदयगतीचा ढोबळ हिशेब 208 वजा वयाच्या 0.7 पट: अठराव्या वर्षी 195, पन्नासाव्या वर्षी 173. दुहेरीतली रॅली काही सेकंदांचीच, पण दोन रॅलींमध्ये स्नायूंची झटपट ऊर्जा पुन्हा भरायला तरुणाला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ काकांना लागतो. त्यात पावसाळ्यात घाम वाळत नाही, म्हणजे शरीर थंडच होत नाही. छातीत दडपण आलं, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे कळ गेली, तर स्कोअर काहीही असो, तिथेच थांबायचं.

नियम 11 पॉइंटांवर 60 सेकंदांची विश्रांती देतात, दोन गेमच्या मध्ये 120. काका लोक हे क्षण गप्पांत घालवतात. खाली बसून पाणी प्यावं, मीठ-साखर घातलेलं असेल तर उत्तम. एरवी पॉइंट संपल्यावर शटल उचलायला चालत जावं, धावत नव्हे. आणि ‘काका, थांबा, मी आणतो’ म्हणत पोरगा स्वतःच धावला, तर त्याला धावू द्यावं. आपण तेवढ्यात ग्रिप पुसावी.