‘नावावर करून देणं’ म्हणजे नक्की काय? मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र

वडिलांनी सत्तरी ओलांडली की घरात एक वाक्य हमखास निघतं: ‘आता फ्लॅट मुलाच्या नावावर करून टाकू, मागे कटकट नको.’ हे ‘नावावर करणं’ फार फसवं आहे. बोलणाऱ्याच्या मनात बहुतेकदा ‘माझ्यानंतर त्याला मिळावं’ एवढंच असतं. ऐकणारा मात्र दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कधी जायचं ते विचारू लागतो. पहिल्या इच्छेसाठी मृत्युपत्र करतात, दुसऱ्या कृतीसाठी बक्षीसपत्र. दोन्हींवर देणाऱ्याची सही असते, दोन्हींना किमान दोन साक्षीदार लागतात आणि दोन्हींत पैशांची देवघेव नसते. त्यामुळे एकाऐवजी दुसरं करून बसलेली माणसं कमी नाहीत, आणि ही चूक महागात पडते ती म्हाताऱ्या माणसाला.

बक्षीसपत्र हे आजचं काम. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ प्रमाणे देणाऱ्याने स्वखुशीने, मोबदला न घेता द्यायचं आणि घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीतच स्वीकारायचं. घर किंवा जमीन असेल तर नोंदणी सक्तीची आहे. एकदा हे झालं की मालक बदलला. आई त्याच स्वयंपाकघरात चहा करत असते, पण कायद्याच्या लेखी ते घर तिचं राहिलेलं नसतं. ते विकायचं, गहाण टाकायचं की भाड्याने द्यायचं, हे आता मुलगा किंवा मुलगी ठरवणार. उद्या मुलाचा धंदा बुडाला तर त्याच्या कर्जापोटी ते घर जप्तही होऊ शकतं.

मृत्युपत्राचा अंमल मात्र ते करणाऱ्याच्या मृत्यूनंतरच सुरू होतो. तोवर तो कागद कपाटात पडून असतो आणि मालक आपला मालकच राहतो. मृत्युपत्रात लिहिलेलं घर विकलं तरी चालतं. त्या घरापुरता मजकूर मग निरुपयोगी होतो, इतकंच. मन बदललं तर नवं मृत्युपत्र करता येतं, जुनं फाडून टाकता येतं. शेवटचं वैध मृत्युपत्र खरं धरलं जातं. यात अनेकांची एका ठिकाणी गफलत होते: जुनं नोंदणीकृत असेल आणि नंतरचं साध्या कागदावरचं, नोंदणी न केलेलं, तरी रीतसर झालेलं असेल तर नंतरचंच चालतं. मृत्युपत्राला नोंदणीची सक्ती नाही आणि मुद्रांक शुल्कही नाही.

मग लोक बक्षीसपत्राकडे का वळतात? महाराष्ट्रात त्याचं मोठं कारण म्हणजे दोनशे रुपये. राहतं घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली, तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार लागू असेल तिथे तो वेगळा. भाऊ, बहीण, पुतण्या, भाचा या यादीत नाहीत. सवलत चांगलीच आहे. पण ‘इतक्या स्वस्तात होतंय तर करून टाकू’ म्हणून आयुष्यातलं एकमेव छप्पर देऊन टाकणं मला मुळीच पटत नाही. मृत्युपत्राला तेवढेही लागत नाहीत.

खरा फरक पश्चात्तापाच्या वेळी कळतो. बक्षीसपत्र मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. देणाऱ्याने एकट्याने जाऊन रद्दपत्र नोंदवलं, तरी तेवढ्याने मालकी परत येत नाही. फसवून किंवा दमदाटीने सही घेतली असेल तर दिवाणी न्यायालयात ते सिद्ध करावं लागतं. ज्येष्ठांसाठी एक दार उघडं आहे: २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा, कलम २३. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवून घेता येतं. महाराष्ट्रात हा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, म्हणजे प्रांतांच्या अध्यक्षतेखालच्या न्यायाधिकरणापुढे जातो.

इथे ‘अटीवर’ हा शब्द जिवाशी धरून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं की अशी अट होती हे दाखवावं लागेल. नुसतं वय झालंय आणि मुलं बघत नाहीत, एवढं पुरेसं नाही. जानेवारी २०२५ मध्ये याच न्यायालयाने कायद्याचा उदार अर्थ लावून एका आईने मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द केलं, पण तिथे मुलाने सांभाळण्याची लेखी हमी दिलेली होती. छापील नमुन्यातली बहुतेक बक्षीसपत्रं ‘प्रेम व आपुलकीपोटी’ एवढं म्हणून थांबतात. प्रेम लिहिलेलं असतं, सांभाळ लिहिलेला नसतो.

काय देता येतं, यातही फरक आहे आणि तो उलटसुलट आहे. हिंदू एकत्र कुटुंबातल्या वडिलोपार्जित मालमत्तेतला स्वतःचा न वाटलेला हिस्सा मृत्युपत्राने देता येतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम ३० तशी मुभा देतं. तोच हिस्सा इतर सहदायादांच्या, म्हणजे त्या मालमत्तेत जन्मानेच हक्क असलेल्या कुटुंबीयांच्या, संमतीशिवाय बक्षीस मात्र देता येत नाही. मुस्लिम कायद्यात चित्र पालटतं. वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही, पण हयातीत हिबा, म्हणजे मुस्लिम कायद्यातलं बक्षीस, करून सगळंही देता येतं. हिबा तोंडी चालतो, ताबा मात्र खरोखर द्यावा लागतो.

आता मृत्युपत्राची दुखरी बाजू. ते वाचलं जातं तेव्हा ते करणारा माणूस खुलासा करायला नसतो. वाद झाला तर निदान एका साक्षीदाराला न्यायालयात उभं करावं लागतं, म्हणून साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण आणि सापडतील असे निवडावेत. शेजारचे ऐंशीचे आजोबा या कामाला नकोत. ज्याला सर्वाधिक मिळणार त्यानेच वकील गाठला, टाइप करून आणलं आणि सहीला गाडीतून नेलं, तर न्यायालय संशयाने बघतं. डॉक्टरांचा त्याच दिवसाचा दाखला आणि ऐच्छिक नोंदणी यांनी बळ येतं, पण नोंदणी झाली म्हणजे आव्हान देता येत नाही असं नाही. एखाद्या मुलाला कमी दिलं असेल तर त्याचं कारण दोन ओळींत लिहावं. ती ओळ लिहायला जड जाते, पण पुढची भांडणं बऱ्याचदा तिथेच शमतात.

घेणारा आधी गेला तर काय, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. आईने मुलाला घर बक्षीस दिलं आणि मुलगा आधी वारला, तर ते घर मुलाच्या वारसांत जातं. हिंदू कायद्यात त्यात पत्नी-मुलांबरोबर आईचाही वाटा असतो, पण पूर्वी पूर्ण असलेलं घर आता वाट्यावर आलेलं असतं. मृत्युपत्र असतं तर आई मालकच राहिली असती आणि तिला नव्याने ठरवता आलं असतं.

बक्षीसपत्र योग्य ठरतं अशाही जागा आहेत. राहायला दुसरं घर आहे, मुलीला तिचा हिस्सा डोळ्यांदेखत द्यायचा आहे, किंवा माघारी भावंडं मृत्युपत्रावर तुटून पडतील अशी खात्री आहे, तर हयातीत देऊन मोकळं होणं चांगलं. राहतं घरच द्यायचं असेल तर मधला रस्ता आहे. मालकी आज द्यायची, पण हयातभर राहण्याचा हक्क राखून ठेवायचा. अशाने बक्षीस अवैध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. कागदात दोन गोष्टी स्वच्छ लिहून घ्या: देणारा आणि त्याचा जोडीदार असे दोघेही अखेरपर्यंत तिथेच राहतील; आणि घेणारा त्यांचं अन्न, औषधपाणी व देखभाल करील, न केल्यास हे बक्षीस रद्द होण्यास पात्र राहील. त्या परिच्छेदाखाली घेणाऱ्याचीही सही घ्या.