दीड सेकंद उघडं, दीड सेकंद बंद

१९६० च्या दशकात बोस्टनजवळच्या महामार्गावर जॉन सेंडर्स नावाचा संशोधक चमत्कारिक हेल्मेट घालून गाडी चालवायचा. हेल्मेटची धुरकट काच मध्येच डोळ्यांवर पडायची, की समोरचं सगळं गायब. रस्त्याकडे अधूनमधून किती पाहिलं तरी भागतं, हे त्याला मोजायचं होतं. २०११ साली या उद्योगाला इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक मिळालं. हसून झालं की हेही सांगायला हवं, की गाडीतल्या टचस्क्रीनची परीक्षा आज त्याच युक्तीवर चालते.

फरक एवढाच की आता गाडी उभी असते आणि झाकला जातो तो स्क्रीन. परीक्षा देणाऱ्याच्या डोळ्यांवर खास चष्मा असतो. त्याची काच दीड सेकंद स्वच्छ, दीड सेकंद अपारदर्शक. काच बंद असते तो वेळ रस्त्याकडे पाहण्याचा, असं धरायचं. आता टाका पत्ता! तीन अक्षरं होतात न होतात तोच अंधार. काच उघडते तेव्हा यादी भलतीकडेच सरकलेली, आणि 'मी कुठे होतो?' यातच अर्धा सेकंद जातो. अमेरिकेच्या २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार काच उघडी असतानाच्या वेळेची बेरीज १२ सेकंदांच्या आत हवी. एकेक नजर साधारण २ सेकंदांपर्यंतच असावी, असंही त्यात आहे. ताशी ६० किलोमीटरने तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते.

मला मात्र बेरजेपेक्षा गुणोत्तर बोलकं वाटतं. हेच काम चष्म्याशिवाय १० सेकंदांत झालं आणि चष्म्यात उघड्या काचेचे ८ सेकंद पुरले, तर उरलेलं बोटांनी अंधारात उरकलं. गोल नॉबचं असंच असतं. एकदा हाताला लागला की डोळ्यांची गरज संपते. गुळगुळीत काचेवर बोटाला शेवटपर्यंत नजरेनेच न्यावं लागतं. १० चे १२ झाले, तर प्रत्येक खंडानंतर माणूस वाट शोधत बसला.

मग बोलूनच हुकूम द्यावा? डोळे रस्त्यावर राहतात, मनाची खात्री नाही. मन कुठे आहे हे तपासायला नजरेच्या कडेला छोटा दिवा लावतात. तो दर ३ ते ५ सेकंदांनी लागतो आणि दिसताक्षणी बोटावरचं बटण दाबायचं. उशीर किती झाला, ते मोजायचं. युटा विद्यापीठातल्या २०१५ च्या चाचण्यांत काही प्रणालींशी बोलणं संपल्यावरही चालकाचं लक्ष पूर्ववत व्हायला तब्बल २७ सेकंदांपर्यंत लागले.