विद्यार्थी वृत्तपत्रांचे पालकवाचन (सोलापूर)

महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींच्या पालकांनी तिथल्या विद्यार्थ्यांनी काढलेली वृत्तपत्रे, भित्तिपत्रके आणि वार्षिकांक वाचून कॅम्पसवरच्या घडामोडींची माहिती ठेवण्याचा प्रघात. गुणपत्रिकेवरून गुण कळतात. मेसचे दर का वाढले, परीक्षा पुढे का गेल्या, कोणत्या विभागात प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, ग्रंथालय रात्री किती वाजता बंद होते, हे त्यावरून कळत नाही. ते विद्यार्थी लिहितात तेव्हा कळते. या वाचनाचा उपयोग मुलाच्या भोवतालचे वातावरण समजून घेण्यासाठी आहे. मुलावर पाळत ठेवायला ते निरुपयोगी आहे आणि त्यासाठी ते करूही नये.

अमेरिकेत विद्यार्थी वृत्तपत्रांची परंपरा जुनी आहे. ‘द हार्वर्ड क्रिमझन’ १८७३ पासून, तर ‘येल डेली न्यूज’ १८७८ पासून निघते. दोन्ही विद्यार्थीच चालवतात. तिथल्या पालकांना या वृत्तपत्रांची गरज पडते त्यामागे कायद्याचेही कारण आहे. ‘फर्पा’ या १९७४ च्या कायद्यामुळे मूल उच्च शिक्षणात गेले की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याच्याकडे जातो. सहसा त्याच्या लेखी संमतीशिवाय विद्यापीठ आईवडिलांना गुणसुद्धा सांगत नाही. सोलापूरहून एमएससाठी मुलाला पाठवलेल्या पालकाने विद्यापीठाला कितीही ईमेल केले तरी उत्तर हेच येते. विद्यार्थी वृत्तपत्र मात्र कोणालाही उघडता येते. भारतात मुंबई आयआयटीचे ‘इनसाइट’, मद्रास आयआयटीचे ‘द फिफ्थ इस्टेट’, खरगपूरचे ‘द स्कॉलर्स अव्हेन्यू’ आणि दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थ्यांचे २००७ पासूनचे ‘डीयू बीट’ ही या प्रकारातली ठळक नावे.

सोलापुरात रोज किंवा दर आठवड्याला निघणारे विद्यार्थी वृत्तपत्र रुजलेले नाही. दयानंद (१९४०), संगमेश्वर (१९५३), डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (१९६३) अशा जुन्या संस्था शहरात आहेत. १ ऑगस्ट २००४ रोजी केवळ सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ झाले. २०१९ पासून त्याचे नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आहे. त्याआधी इथली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. मराठी मुलखातल्या बहुतेक महाविद्यालयांप्रमाणे इथेही विद्यार्थ्यांचे लेखन मुख्यतः दोन ठिकाणी भेटते: वार्षिकांकात आणि भित्तिपत्रकावर. त्यांच्या जोडीला पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी सरावासाठी काढलेले प्रायोगिक अंक असतात, आणि स्थानिक दैनिकांतल्या महाविद्यालयीन बातम्या.

वार्षिकांकाचे पैसे पालकाने प्रवेशाच्या वेळीच भरलेले असतात. फीच्या पावतीवर ‘मॅगझिन फी’ किंवा ‘नियतकालिक शुल्क’ असा रकाना पाहावा. तो असेल तर अंकाची प्रत मागणे हा हक्क आहे. पावती किंवा ओळखपत्र दाखवून विद्यार्थ्याने ती ग्रंथालयातून अथवा कार्यालयातून घ्यायची असते. अंक हाती आला की पालक आधी आपल्या मुलीची कविता किंवा फोटो शोधतात, आणि ते स्वाभाविकच आहे. पण खरी माहिती मागच्या बाजूला, अहवाल विभागात असते. मराठी, हिंदी, इंग्रजी, कुठे कन्नड आणि उर्दू असे साहित्याचे विभाग संपले की हा विभाग लागतो, आणि तो बहुधा कोणी वाचत नाही.

तो कसा वाचायचा याचे उदाहरण राष्ट्रीय सेवा योजनेच्या अहवालावरून घेता येईल. या योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते आणि ७ दिवसांचे विशेष निवासी शिबिर असते. अहवालात शिबिराचे गाव, तारखा, झालेले काम आणि हजेरी दिलेली आहे का ते पाहावे. ‘बंधाऱ्याचे काम केले’ असे मोघम वाक्य आणि ‘अमुक गावी इतक्या मीटर लांबीचा वनराई बंधारा’ हे वाक्य यांत फार अंतर आहे. सगळ्या फोटोंत तेच आठ-दहा चेहरे दिसत असतील तर नोंदणी कागदावर आणि काम मोजक्यांचे, हे ओळखावे. प्लेसमेंटच्या पानावर ‘निवड’ आणि ‘रुजू’ हे वेगवेगळे आकडे आहेत का, सर्वांत मोठ्या पगाराशेजारी सरासरी दिली आहे का, हे पाहावे. ग्रंथालयाच्या अहवालात खरेदी केलेल्या पुस्तकांपेक्षा रोज येणाऱ्या वाचकांची संख्या अधिक बोलकी असते.

वार्षिकांकाची मोठी अडचण म्हणजे उशीर. तो सरलेल्या शैक्षणिक वर्षाचा असतो आणि छपाई होऊन हाती येईपर्यंत पुढचे सत्र लागलेले असते. दुसरी अडचण त्याच्या स्वरूपात आहे. संपादक प्राध्यापक असतात, प्राचार्यांचे मनोगत सुरुवातीला असते, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या समितीपुढे हा अंक ठेवला जातो. त्यामुळे वसतिगृहातल्या पाण्याची तक्रार त्यात सापडणार नाही. मालकी आणि प्रकाशनस्थळ सांगणारा फॉर्म नंबर ४ चा मजकूर, किंवा ‘लेखकांच्या मतांशी संपादक मंडळ सहमत असेलच असे नाही’ ही ओळ असते. ती वाचून अंक विद्यार्थ्यांच्या हाती होता असा समज करून घेऊ नये. विद्यार्थी प्रतिनिधींची नावे संपादक मंडळात कितव्या ओळीवर आहेत ते पाहावे.

भित्तिपत्रक अधिक ताजे असते. कार्डशीटवर हाताने लिहिलेले किंवा प्रिंट काढून चिकटवलेले, विभागाबाहेरच्या काचेच्या फळीत लावलेले. वाचन प्रेरणा दिन (१५ ऑक्टोबर), मराठी भाषा गौरव दिन (२७ फेब्रुवारी), विज्ञान दिन (२८ फेब्रुवारी) अशा निमित्ताने ते लागते. सोलापुरात १२ जानेवारीला वेगळे महत्त्व आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चार हुतात्म्यांना १९३१ मध्ये याच दिवशी येरवड्यात फाशी झाली. पालक मेळाव्याला किंवा फी भरायला गेल्यावर दहा मिनिटे काढून विभागाची फळी पाहावी. त्यावर जून-जुलैचा कागद फेब्रुवारीतही तसाच असेल तर त्या विभागात विद्यार्थ्यांना लिहिते करणारे कोणी उरलेले नाही.

बाहेरगावी शिकणाऱ्यांच्या पालकांना रोजच्या बातम्या वाचायला मिळतात आणि गोंधळही तिथेच होतो. अमेरिकी विद्यार्थी वृत्तपत्रात दर आठवड्याला सायकल, स्कूटर, लॅपटॉप चोरीच्या नोंदी दिसतात. कधी अंधारात कोणाला अडवल्याची बातमी असते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या किंवा विजापूर रोडवरच्या घरात ती सकाळी वाचली की दिवसभर जीव थाऱ्यावर राहत नाही. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: १९९० च्या क्लेरी कायद्याने तिथल्या विद्यापीठांना कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची नोंदवही लोकांसाठी खुली ठेवावी लागते आणि दर वर्षी १ ऑक्टोबरपर्यंत सुरक्षा अहवाल काढावा लागतो. तिथे गुन्हे छापून येतात कारण ते सांगणे बंधनकारक आहे. ज्या कॅम्पसवर काहीच छापले जात नाही तो अधिक सुरक्षित, असा अर्थ काढू नये.

वेळेचेही भान हवे. बोस्टनमध्ये रात्री ११ वाजता आलेली बातमी सोलापुरात उन्हाळ्यात सकाळी साडेआठला आणि हिवाळ्यात साडेनऊला दिसते. तिकडे तेव्हा मूल झोपायच्या तयारीत असते. घाबरून फोन लावण्याआधी बातमीची तारीख, ठिकाण आणि ती बातमी आहे की मतलेख, हे तपासावे. मतलेखात एका विद्यार्थ्याचा राग असतो. तो सगळ्या वसतिगृहाचा मानू नये. १ एप्रिलला काही वृत्तपत्रे खोट्या बातम्यांचा थट्टा-अंक काढतात, तो दिवस सोडून द्यावा. चूक-दुरुस्तीची चौकट नियमित छापणारे पत्र अधिक विश्वासाचे. नाव न देता चालणारी इन्स्टाग्रामवरची ‘कन्फेशन’ पाने या प्रकारात मोडतच नाहीत.

वाचलेले मुलाला कसे विचारायचे, यावर हा प्रघात टिकतो की मोडतो हे ठरते. ‘तुमच्या मेसमध्ये अळ्या निघाल्या, तू सांगितलं नाहीस’ असा जाब दोनदा विचारला की मूल फोनवर ‘हो, बरंय’ एवढेच बोलू लागते. ‘मेसचं वाचलं, आता जेवण कसं आहे?’ या प्रश्नाला उत्तर मिळते. बातमीखाली पालकाने स्वतःच्या नावाने प्रतिक्रिया लिहिणे टाळावे. वर्गात त्याचा त्रास मुलाला होतो. रॅगिंगचा विषय मात्र मुलावर सोपवून थांबू नये. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनुसार पालकाने स्वतः प्रतिज्ञापत्र दिलेले असते, आणि १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर पालकही तक्रार करू शकतात.

प्रवेश घेण्याआधीही या वाचनाचा उपयोग होतो. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जुने वार्षिकांक बांधणी करून ठेवलेले असतात. ग्रंथपालांना विनंती करून मागची तीन वर्षे एकत्र पाहावीत. एका अंकातून काही ठरत नाही. तीन अंकांतले अहवाल शेजारी ठेवले की कोणता विभाग वाढतो आहे आणि कोणता नुसती वाक्ये फिरवून लिहितो आहे ते उघड होते. शेवटच्या वर्षाचा अंक विद्यार्थी बाहेर पडल्यावर निघतो आणि बरेचदा न्यायचाच राहून जातो. दाखला घेतानाच तो कधी येणार हे विचारून ठेवावे आणि फीची मूळ पावती जपावी.