ओले कपडे स्लीपिंग बॅगेत वाळतात?

पावसाळी ट्रेकला निघालं की हा सल्ला हमखास मिळतो: ओला टीशर्ट स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा, अंगाच्या उबेनं सकाळपर्यंत खडखडीत वाळतो. नाही वाळत. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. सुती टीशर्टात पिळल्यावरही २०० ग्रॅम पाणी उरलं, तर आहाराच्या हिशेबात ११६ किलोकॅलरी झाल्या. त्या तुमच्याच अंगातून जाणार, आणि वाफ मुरणार बॅगेच्या अस्तरात. बॅग पिसांची असेल तर पिसांचे गोळे होतात, ऊब गेली!

दमट मोजे पोटाशी धरले तर वाळतात, हे खरं. सल्ल्याचं मूळ बहुधा तिथलंच. लडाखच्या कोरड्या हवेत तर दोरीवरही काम भागतं. पण जुलैत हरिश्चंद्रगडाच्या गुहेत हवाच पाण्यानं भरलेली, कपडा वाळणार कसा?

त्यापेक्षा ओला कपडा कोरड्या पंचात गुंडाळून करकचून पिळा, पंचा बरंच पाणी ओढतो. झोपायचा कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत वेगळा ठेवा, आणि सकाळी कितीही जिवावर आलं तरी चालायला ओलाच घाला.